भाजलेल्या त्वचेची दाहप्रतिक्रिया रोखणारा लेप: माऊसवरची चाचणी कशी आखावी?

केराटिन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पी-३८ काइनेज (पेशीत दाहाचा संदेश पुढे नेणारं एन्झाइम) रोखणारा एक लहान रेणू हातात आहे. भाजल्यानंतर त्वचा स्वतःच जी दाहाची लाट उठवते (सायटोकाइन म्हणजे दाहाचे संदेश देणारी प्रथिनं, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी, केशवाहिन्यांची गळती), ती जागच्या जागी दाबता येते का, हे पाहायचं आहे. तोंडावाटे दिलेले पी-३८ रोधक मानवी चाचण्यांत यकृताचे एन्झाइम वाढल्यामुळे अडखळले, म्हणून थेट जखमेवर लावायचा विचार. सध्याची आखणी अशी:

सी-५७ ब्लॅक-६ या काळ्या जातीचे माऊस, ८ ते १२ आठवडे, वजन २५ ग्रॅमच्या आसपास. सकाळी केस कापून लगेच केस काढायची क्रीम, मग पाठीवर २ × २ सेंमीच्या खिडकीतून ६० अंशांच्या पाण्यात २० सेकंद. औषध १ टक्का, वाहक (औषध ज्यात विरघळवून लावायचं ते) म्हणून डीएमएसओ आणि पीईजी-४०० ही द्रावकं निम्मेनिम्मे. भाजल्याबरोबर पहिला लेप, नंतर दर १२ तासांनी, ५ दिवस. दोन गट, एक औषधाचा आणि एक काहीच न लावलेला, प्रत्येकी ६ प्राणी. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम. २४ तासांनी मायलोपेरॉक्सिडेज (न्यूट्रोफिलमधलं एन्झाइम), आयएल-१ बीटा आणि आयएल-६ (दोन सायटोकाइन). ७व्या दिवशी एच अँड ई (ऊतकाच्या कापाला द्यायचा नेहमीचा रंग).

प्राणी-प्रयोगांच्या नीती समितीकडे अर्ज जाण्याआधी यातल्या चुका दाखवा. विशेषतः दोन शंका: भाजण्याची खोली दर वेळी सारखी कशी ठेवायची, आणि वाहक बरोबर आहे का?

---

फणी_पितळी

आखणी मोकळेपणाने मांडलीत ते चांगलं केलंत. आधी मुळातला मुद्दा, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे.

जॅक्सनने १९५३ साली भाजलेल्या जागेचे तीन भाग सांगितले: मध्ये गोठून मेलेला भाग, त्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला भाग, आणि बाहेर नुसता लाल झालेला. मधला भाग पहिल्या मिनिटातच गेलेला असतो, तो कुठलंही औषध परत आणत नाही. बाहेरचा लाल भाग आपोआप बरा होतो. तुमच्या औषधाला जे काही करून दाखवायचं आहे ते त्या मंद प्रवाहाच्या पट्ट्यात. हा पट्टा पुढच्या ४८ ते ७२ तासांत एकतर वाचतो किंवा मेलेल्या भागात जाऊन मिळतो. त्यामुळे 'आयएल-६ कमी झालं' हे उत्तर नव्हेच. 'पट्टा वाचला का' हा प्रश्न आहे, आणि तुमच्या आखणीत तो मोजायची सोय नाही.

त्यासाठी फणीचं मॉडेल बघा. पितळेचा ठोकळा, त्याला १० × २० मिमीचे चार दात आणि मध्ये ५ मिमीच्या तीन फटी. उकळत्या पाण्यात तापवून रॅटच्या पाठीवर ठेवतात, साधारण ३० सेकंद. दातांखाली चार जखमा होतात आणि मध्ये तीन न भाजलेले पट्टे उरतात. उपचार नसेल तर पुढच्या काही दिवसांत या पट्ट्यांचा मोठा भाग मरतो. म्हणजे वाचवायचा भाग डोळ्यांसमोर आखलेला मिळतो. माऊसची पाठ यासाठी अपुरी पडते, रॅट घ्यावा लागेल.

माऊसवरच राहायचं असेल तर खोली सारखी ठेवण्याबद्दल:

केसांचं चक्र हा सर्वात दुर्लक्षित भाग. ब्लॅक-६ मध्ये केस वाढीच्या टप्प्यात असतील तर त्वचा लक्षणीय जाड असते आणि कापल्यावर राखाडी-काळी दिसते. विश्रांतीच्या टप्प्यात ती पातळ आणि गुलाबी दिसते. एकाच पिंजऱ्यात दोन्ही प्रकार निघतात, आणि तेच २० सेकंद एकात वरवर तर दुसऱ्यात आरपार जातात. वय ७ ते ९ आठवड्यांतच ठेवा, केस कापल्यावर पाठ बघा, आणि एकसारखा गुलाबी रंग असेल तोच प्राणी घ्या. राखाडी ठिपका दिसला तर बाजूला. ८ ते १२ आठवडे ही पट्टी फार रुंद आहे.

केस काढायची क्रीम त्याच दिवशी नको. तिच्यातल्या थायोग्लायकोलेटने आणि अल्कलीने त्वचा स्वतःच लाल होते, आणि तुम्ही मोजणार आहात तो दाहच. आदल्या दिवशी बारीक मशिनने कापा. क्रीम लागतच असेल तर २४ तास आधी, एका मिनिटाच्या आत पुसून कोमट पाण्याने धुवा. आणि न भाजलेल्या, पण केस काढून भूल दिलेल्या प्राण्यांचा एक छोटा गट ठेवा, म्हणजे तळरेषा कळेल.

तापमानाबद्दल: मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली दाखवलं की ४४ ते ५१ अंशांच्या दरम्यान दर अंशामागे इजेचा वेग साधारण दुप्पट होतो. ४४ अंशांना सहा तास लागतात, ६० च्या आसपास काम काही सेकंदांवर येतं. म्हणून अर्ध्या अंशाची चूकसुद्धा चालत नाही. वॉटर बाथच्या पडद्यावरचा आकडा मानू नका. खिडकीच्या जागी, पाण्यात, त्वचा येईल तिथेच थर्मोकपल ठेवा. प्राणी बुडवला की पाणी थंड होतं, म्हणून पाणी भरपूर आणि फिरतं हवं, आणि प्रत्येक प्राण्यानंतर तापमान मूळ आकड्यावर आल्याशिवाय पुढचा घेऊ नका. खिडकीच्या कडेला हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे गोल न भाजलेला डाग राहतो. बुडवताना साचा किंचित तिरपा धरा, मग सपाट करा.

आणि २० सेकंद कुठून आले? मुख्य प्रयोगाआधी १०, १५, २०, २५ सेकंद, प्रत्येकी ३ प्राणी, ७२ तासांनी ऊतक काढून कुठल्या वेळेला अर्ध्या डर्मिसपर्यंत (त्वचेचा आतला जाड थर) इजा जाते ते ठरवा. ही पायरी गाळली तर पुढचा सगळा खर्च आणि प्राण्यांचा त्रास वाया जाऊ शकतो.

वेदनाशामक: मेलॉक्सिकॅम इथे नकोच, तोही दाहच दाबतो. ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातलं वेदनाशामक), ०.०५ ते ०.१ मिग्रॅ प्रति किलो, त्वचेखाली, भाजण्याच्या अर्धा तास आधी पहिला डोस आणि पुढे ६ ते ८ तासांनी, पशुवैद्यांशी ठरवून. ओपिऑइडचाही प्रतिकारशक्तीवर थोडा परिणाम असतो, पण सगळ्या गटांना सारखाच दिला की तुलना टिकते. वेदनाशामक वगळणं हा पर्याय नाही: नीतीच्या दृष्टीने तर नाहीच, आणि वेदनेने वाढलेलं कॉर्टिकोस्टेरॉन (दाह दाबणारं ताणाचं संप्रेरक) तुमच्याच मोजमापात शिरतं.

---

जेल_आणि_गाळणी

वाहकाबद्दल लिहितो. डीएमएसओ आणि पीईजी निम्मेनिम्मे हे मिश्रण चटकन विरघळवतं म्हणून सगळे वापरतात, पण भाजलेल्या त्वचेसाठी ते दोन्ही बाजूंनी अडचणीचं आहे.

डीएमएसओ स्वतः दाह कमी करतो आणि हायड्रॉक्सिल मूलकं टिपतो. ५० टक्के डीएमएसओ लावून न लावलेल्या प्राण्याशी तुलना केलीत तर जो फरक दिसेल तो औषधाचा की वाहकाचा, हे कधीच सांगता येणार नाही. तुमच्या आखणीत वाहकाचा गटच नाही, ही माझ्या मते सर्वात मोठी चूक.

पीईजीचा धोका वेगळा. पीईजीच्या पायावरचं नायट्रोफ्युराझोन मलम मोठ्या जखमांवर लावलेल्या रुग्णांत रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) चढणं, आम्लता आणि मूत्रपिंड निकामी होणं १९८० च्या दशकात नोंदलं गेलं आहे. अखंड त्वचेतून पीईजी फारसं आत जात नाही, पण वरचा थर गेलेल्या जागेतून जातं. मॅफेनाइड या जखमेवरच्या जंतुनाशक औषधाचंही तसंच: जखमेतून शोषलं गेलं की कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज रोखून आम्लता आणतं. 'वरून लावलेलं म्हणजे फक्त वरच राहिलेलं' हे भाजलेल्या त्वचेला लागू पडत नाही.

हिशेब करून बघा. ४ चौ. सेंमी जखम, दर चौ. सेंमीला ०.१ ग्रॅम लेप, म्हणजे एका वेळी ०.४ ग्रॅम. १ टक्क्याने त्यात ४ मिग्रॅ औषध. २५ ग्रॅमच्या माऊसला हे १६० मिग्रॅ प्रति किलो, आणि दिवसातून दोनदा म्हणजे ३२०. यातलं फक्त दहा टक्के आत गेलं तरी ३२ मिग्रॅ प्रति किलो रोज. इतक्यात कित्येक औषधांचा पोटातून दिल्यासारखाच परिणाम दिसतो. मग 'जागच्या जागी' या दाव्याला काय अर्थ?

म्हणून दोन गोष्टी हव्यातच. एक, औषधाचा तोच डोस जखमेपासून दूर त्वचेखाली दिलेला गट. त्या गटातही जखम तितकीच सुधारली तर लेपाचा वेगळा फायदा नाही. दोन, लेपानंतर १, ४ आणि २४ तासांनी रक्तद्रवातलं औषध मोजणं. त्याच वेळी जखमेच्या ऊतकातलंही मोजा. ऊतकात भरपूर आणि रक्तात नगण्य, असं दिसलं तरच बोलता येईल.

साधं पाण्याचं जेल पुरेल. १०० ग्रॅमसाठी: हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज २ ग्रॅम, प्रॉपिलीन ग्लायकॉल १० ग्रॅम, औषध १ ग्रॅम, बाकी पाणी. पाणी साध्या तापमानाला भोवरा पडेल इतकं फिरवत ठेवा आणि सेल्युलोज चिमटी-चिमटीने टाका. गरम पाण्यात एकदम ओतलं तर वरून ओल्या, आतून कोरड्या माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी बनतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. सगळं मिसळल्यावर मग ५५-६० अंशांपर्यंत हळूहळू गरम करा, की ते फुगून पारदर्शक होतं. हे मूळ जेल १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा (घट्टपणा थोडा उतरतो, नंतर परत मोजा). औषध निर्जंतुक प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये खलून, गाठ न राहता, गार जेलमध्ये मिसळा. बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर झाकून ठेवा. ट्यूबच्या वरचा, मधला आणि तळाचा नमुना तपासा. तिन्हींत अपेक्षित प्रमाणाच्या ९० ते ११० टक्क्यांत औषध असलं पाहिजे. रेणू पाण्यात न विरघळणारा असेल तर तो जेलमध्ये कणांच्या रूपात राहील. कण मोठे असतील तर खाली बसतील आणि पहिल्या दिवशीचा लेप कमजोर, शेवटच्या दिवशीचा तीव्र होईल.

परिरक्षक म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड घालू नका, ते उघड्या जखमेतल्या पेशींना विषारी आहे. लहान बॅच करून फ्रिजमध्ये ठेवणं बरं.

प्राण्यांआधी फ्रान्झ सेल (त्वचेच्या तुकड्यातून औषध किती पार होतं ते मोजणारं दोन कप्प्यांचं उपकरण): भाजलेली आणि अखंड त्वचा शेजारी-शेजारी, त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंश, खालच्या कप्प्यात ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, औषध तेलाळ असेल तर ४ टक्के अल्ब्युमिन घालून. ०.५, १, २, ४, ८, २४ तासांनी नमुना काढा आणि तेवढाच ताजा बफर भरा. खालच्या कप्प्यातलं प्रमाण औषधाच्या विद्राव्यतेच्या दहा टक्क्यांवर गेलं तर ओढ कमी होते आणि शोषण खोटंच मंद दिसतं. सर्वात जास्त आकडे बिघडवतो तो त्वचेखाली अडकलेला बुडबुडा. प्रत्येक नमुन्यानंतर सेल तिरका करून तो बाजूच्या नळीतून काढायचा.

---

केराटिन

धन्यवाद, वाहकाचा मुद्दा पटला. गट आता चार करतो: वाहक, औषधाचा लेप, तोच डोस त्वचेखाली अधिक जखमेवर वाहक, आणि काहीच न लावलेला.

एक प्रश्न राहतोच. २४ तासांच्या ऊतकात मायलोपेरॉक्सिडेज आणि सायटोकाइन प्रति मिग्रॅ प्रथिन मांडायचे असं ठरवलं होतं. ते ठीक आहे ना? गळतीसाठी इव्हान्स ब्लू रंगाची चाचणीही करावी म्हणतो.

---

ऊतकवाचक

ठीक नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

गोठलेल्या ऊतकातलं प्रथिन बफरमध्ये नीट उतरत नाही, ते शिजलेलं असतं. त्यामुळे जखम जितकी खोल तितका छेद (प्रथिनाचा आकडा) लहान आणि गुणोत्तर मोठं दिसतं. ओल्या वजनाला भागलंत तर उलटी गंमत होते: सूज आलेल्या ऊतकात पाणी जास्त, म्हणून प्रति ग्रॅम न्यूट्रोफिल कमी दिसतात, आणि तुमच्या औषधाने सूज उतरवली तर तेच न्यूट्रोफिल प्रति ग्रॅम वाढलेले दिसतात! औषधाने काम केल्याची शिक्षा औषधालाच. म्हणून ठराविक व्यासाचा पंच (गोल पात्याने कापलेला तुकडा) घ्या, ८ मिमीचा, आणि सगळं प्रति पंच मांडा. पंच अर्धा जखमेवर आणि अर्धा कडेवर असा, प्रत्येक प्राण्यात त्याच दिशेला, कारण मध्यात न्यूट्रोफिल पोचायला रक्तच नसतं. सूज मोजायची तर वेगळा पंच ६० अंशांवर ४८ तास वाळवून ओलं-कोरडं वजन काढा.

मायलोपेरॉक्सिडेजसाठी ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ६.०, त्यात अर्धा टक्का हेक्साडेसिलट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड. हे डिटर्जंट नसेल तर एन्झाइम कणिकांमधून सुटत नाही. त्वचा चिवट असते, बर्फावर मिक्सरने तोडून मग सोनिकेट आणि तीनदा गोठवणं-वितळवणं. तोडताना ऊतक गरम झालं की नमुना गेला.

इव्हान्स ब्लूबद्दल सावध राहा. रंग अल्ब्युमिनला चिकटून गळतो, पण तो जखमेत पोचायला रक्तप्रवाह हवा. गोठलेल्या भागात प्रवाहच नाही, म्हणून तिथे रंग कमी. खोल जखम म्हणजे 'कमी गळती' असा उलटा निष्कर्ष निघतो. फक्त कडेच्या पट्ट्यातला रंग मोजा. फॉर्मामाइडमध्ये ५५-६० अंशांवर २४ ते ४८ तास, मग ६२० नॅनोमीटरवर वाचन. रक्ताच्या रंगाची भर वजा करण्यासाठी ७४० वरही वाचन घ्या.

आता इजेची खोली. ७व्या दिवसाचा एच अँड ई एकटा पुरणार नाही, कारण तोवर आकुंचन सुरू झालेलं असतं. १, २४ आणि ७२ तास असे तीन टप्पे ठेवा, वेगवेगळ्या प्राण्यांत. एका तासाचा काप बघताना फसायला होतं: उष्णतेने जागच्या जागी शिजलेल्या पेशी एच अँड ईमध्ये चक्क सुरेख दिसतात, केंद्रक जागेवर, कडा स्पष्ट, आणि तरी त्या मेलेल्या असतात. म्हणून गोठवलेल्या कापांवर लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमची नायट्रोब्लू टेट्राझोलियम चाचणी करा. जिवंत पेशी निळी होते, मेलेली फिकट राहते. यासाठी ऊतक फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं नाही, एन्झाइम मरतो; पंचचा अर्धा भाग थेट गोठवायचा, अर्धा फॉर्मॅलिनला. मॅसन ट्रायक्रोम या रंगपद्धतीत धड कोलॅजन निळं आणि शिजलेलं तांबडं दिसतं, त्या सीमेपर्यंतची खोली मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. शिवाय सर्वात खोल बंद पडलेली वाहिनी आणि सर्वात खोल मेलेलं केशकूप, हे दोन अंतर नोंदवा.

अ‍ॅपॉप्टोसिससाठी (पेशीचा ठरवून होणारा मृत्यू) ट्यूनेल चाचणीवर विसंबू नका, ती नेक्रोसिसने (थेट इजेने) मेलेल्या पेशीही रंगवते. तुटलेल्या कॅस्पेज-३ एन्झाइमचा रंग घ्या. तुमचं औषध त्या पट्ट्यातल्या केशकूपांच्या पेशींना वाचवतं असा दावा असेल, तर तो तिथेच दिसायला हवा, कारण पुढे त्याच पेशींपासून नवीन त्वचा चढते.

काप जखमेच्या मध्यरेषेवर, धड कडेपासून धड कडेपर्यंत एकाच पट्टीत आणि पृष्ठभागाला काटकोनात. तिरका काप पडला की खोली वाढलेली दिसते. केशकूप लांबीत अखंड दिसतात की अंडाकृती तुटलेले, यावरून काप सरळ आहे का ते लगेच कळतं.

---

एकक_प्राणी

थोडंच लिहितो.

एका प्राण्यावर दोन जखमा करून एकीवर औषध, दुसरीवर वाहक हा मोह होईल, कारण प्राणी कमी लागतात. जेल_आणि_गाळणी यांनी केलेला हिशेब बघता औषध रक्तातून दुसऱ्या जखमेत जाणार. शिवाय माऊस पाठ चाटतात, एकमेकांची सुद्धा. प्रत्येक प्राण्याला एकच उपचार द्या आणि एकेकटे ठेवा, वरून पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म लावा. मोजणीचं एकक प्राणी आहे, जखम किंवा काप नाही. एका प्राण्याच्या पाच कापांना पाच धरलंत तर आकडा खोटा पडतो.

प्रत्येक गटात ६ प्राणी कुठून आले? ८० टक्के शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीसाठी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) सोपा अंदाज म्हणजे १६ भागिले फरकाचा वर्ग, जिथे फरक प्रमाण विचलनाच्या पटीत धरायचा. १.२ पट फरक अपेक्षित असेल तर १६ भागिले १.४४, म्हणजे प्रत्येक गटात ११ ते १२. ६ मध्ये फक्त दीड-पावणेदोन पट फरक सापडेल. प्रमाण विचलन तुमच्या पायलटमधून घ्या.

वाटप चिठ्ठ्यांनी, पिंजऱ्यावर आणि भाजण्याच्या क्रमावर सुद्धा. सकाळी सगळे वाहकाचे आणि दुपारी सगळे औषधाचे, असं झालं तर पाण्याच्या तापमानाचा सगळा घसारा एका बाजूला जातो. औषधाला रंग असेल (कर्क्युमिनसारखं पिवळं) तर वाहकात निरुपद्रवी तसाच रंग घाला, नाहीतर लावणाऱ्याला आणि जखमेचा फोटो मोजणाऱ्याला दोघांनाही कळतं. मुख्य मोजमाप एकच, आधी लिहून ठेवलेलं. माझं मत: ७२ तासांची इजेची खोली. बाकी सगळी सहाय्यक. अहवालासाठी २०२० ची अराइव्ह २.० (प्राणी-प्रयोगांच्या अहवालात काय लिहावं याची) यादी आधीच पुढ्यात ठेवा, म्हणजे नोंदी सुटत नाहीत.

---

केराटिन

आणखी एक. इथे अनेकांना पडेल असा प्रश्न आहे: दाहच कमी करायचा तर साधं स्टेरॉइड मलम का नाही? आणि लेप किती दिवस?

---

फणी_पितळी

स्टेरॉइड माणसांवर करून बघितलेलं आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या पायावर तापवलेला थर्मोड (ठराविक तापमानाची चकती) ठेवून वरवरची जखम करायची एक प्रमाणित पद्धत आहे, साधारण ४७ अंश, ७ मिनिटं. असल्या जखमांवर स्थानिक स्टेरॉइडने वेदना किंवा लालीत फरक पडला नाही असा निष्कर्ष १९९४ मध्ये निघाला. आणि खोल जखमेत स्टेरॉइडने त्वचा चढणं मंदावतं. तुलनेसाठी एक गट ठेवायला हरकत नाही, पण 'स्टेरॉइडपेक्षा बरं' हे यश मानू नका.

किती दिवस, हा त्याहून महत्त्वाचा भाग. पी-३८ फक्त दाहाचा नाही. काठावरच्या केराटिनोसाइटना (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना) सरकून जखम झाकायची असते, त्यातही त्याचा हात आहे. ५ दिवस सतत रोखलंत तर पट्टा वाचेल आणि जखम मात्र उघडी राहील, असं होऊ शकतं. नुकसान वाढण्याचा काळ ४८ ते ७२ तासांचा आहे. औषध तेवढंच द्या, मग थांबा. १४व्या दिवसापर्यंत एक वेगळा गट चालवा आणि जखम बंद होण्याचे दिवस मोजा. माऊसच्या त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो, तो जखम आवळून बंद करतो, म्हणून 'क्षेत्र कमी झालं' याचा अर्थ 'त्वचा चढली' असा नसतो. जखमेभोवती सिलिकॉनचं कडं शिवून आकुंचन रोखा, किंवा कापात नव्या एपिथेलियमच्या (त्वचेच्या वरच्या थराच्या) जिभेची लांबी मोजा.

आणि भाजल्याबरोबर पहिला लेप? भाजलेला माणूस दवाखान्यात पोचतो तोवर कधी तास, कधी सहा तास गेलेले असतात. ० मिनिटाला लावून मिळालेला परिणाम फक्त यंत्रणा सिद्ध करतो. मुख्य गट १ तास आणि ४ तास उशिराचे ठेवा. शिवाय माणसाला २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याचा प्रथमोपचार मिळतो (भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा फायदा आहे), आणि तोच सगळ्यात स्वस्त दाहशामक आहे. औषधाची किंमत त्यावर भर किती पडते यावर ठरते. म्हणून सगळ्या प्राण्यांना पाण्यात भिजवलेल्या, १५-२० अंशांच्या गॉजने फक्त जखम थंड करा. पूर्ण प्राणी पाण्याखाली धरू नका, माऊसचं शरीर मिनिटांत गार पडतं. शरीराचं तापमान गुदाशयात मोजून ३६.५ ते ३७.५ मध्ये ठेवा. गरम गादीवर कपड्याची घडी टाका, नाहीतर पोटाला दुसरी जखम होते. शुद्धीवर येताना १ मिली सलाइन पोटाच्या पोकळीत टोचून, आणि पिंजऱ्याचा अर्धा भाग गरम, अर्धा नेहमीचा, म्हणजे तो हवं तिथे जाऊन बसतो.

---

ऊतकवाचक

जंतूंचा मुद्दा राहून जायला नको. न्यूट्रोफिल जखमेत येतात ते जंतू खायला. तुम्ही त्यांची वाट अडवणार असाल तर संसर्ग वाढत नाही, हे दाखवणं तुमच्यावरच आहे. निर्जंतुक पिंजऱ्यातल्या माऊसची जखम स्वच्छ राहते, त्यामुळे हा दुष्परिणाम तिथे दिसतच नाही आणि पुढे माणसात पहिल्यांदा दिसतो.

वेगळा छोटा प्रयोग करा: पहिल्या लेपानंतर सहा तासांनी जखमेवर स्यूडोमोनास एरुजिनोसाची ठराविक संख्या, मग २४ आणि ४८ तासांनी पंच तोडून, दहापटीने पातळ करत, प्लेटवर वसाहती मोजा. जखमेत प्रति ग्रॅम १ लाखाच्या वर जंतू म्हणजे आक्रमक संसर्गाकडे झुकलेलं मानतात. प्लीहा आणि फुप्फुसही कल्चर करा. जखमेत आकडा सारखा असून आत जंतू जास्त गेले असतील तर अडसर कमजोर झाला असा अर्थ. जेलमध्ये परिरक्षक असेल तर तो प्लेटवरही जंतू मारतो आणि औषध जंतुनाशक असल्याचा भास होतो. म्हणून नमुना आधी धुवा, आणि वाहकाच्या गटाशीच तुलना करा. प्राण्याचं वजन २० टक्क्यांवर घटलं, तो कुबड काढून बसला, खाणं सोडलं, की प्रयोग त्याच्यासाठी तिथेच संपला; ही रेषा अर्जात आधी लिहा.

लेप बदलतानाही एक गोष्ट: आधीचा लेप खरवडू नका. ओल्या गॉजने दोन मिनिटं भिजवून टिपून घ्या. खाली साचलेला स्राव औषध पातळ करतो म्हणून तो काढायलाच हवा, पण घासलंत तर काठावरची नवी, एका पेशीच्या जाडीची त्वचा गॉजबरोबर निघून येते.